आईची नाडी ८६ आणि विसरणं वाढलंय. दोन्हीचा संबंध आहे का?

पूर्णाकाठ

आई ७२ वर्षांची. परभणी जिल्ह्यात गावीच राहते, वडील गेल्यापासून एकटी. दिवाळीत भावानं तिला मनगटावरचं स्मार्ट घड्याळ आणून दिलं. त्यात बसल्या जागी नाडी ८४ ते ८८ दाखवते. तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. पण मध्यंतरी घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एक मजकूर आला की ज्यांची नाडी ८० च्या वर, त्यांना म्हातारपणी स्मृतिभ्रंश होणारच. त्यावर ग्रुपमध्ये कुणी एक अक्षर लिहिलं नाही. कारण आईचं विसरणं सगळ्यांनाच दिसायलंय, फक्त बोलत कुणी नव्हतं.

वरणात दोनदा मीठ पडतं. दूधवाल्याला पैसे दिले की नाही हे आठवत नाही म्हणून परत देते (तो बिचारा भला आहे, परत आणून देतो). भाचीच्या लग्नाची तारीख दर फोनला विचारते. पण बटईचा हिशोब, कुणाकडं किती उसनं आहे, हे मात्र चोख. आजीला शेवटी शेवटी घरची माणसं ओळखू येत नव्हती, त्यामुळं धसका आहेच.

तालुक्याच्या डॉक्टरांनी नाडी बघितली आणि "साठ ते शंभर नॉर्मल असतं" म्हणून परत पाठवलं. मग हे ८० काय प्रकरण आहे? नॉर्मल असून धोका कसा? भाऊ म्हणतोय नाडी कमी करायची गोळी सुरू करून टाकू. माझं मन घेईना. आई बीपीची गोळी घेते, शुगर नाही. मिसरी लावते, हे कुणी विचारायच्या आत सांगून टाकते.

स्पष्टवक्ता

घड्याळं विकायचा धंदा आहे ताई. आधी माणसाला आकडा दाखवायचा, मग आकड्याची भीती घालायची. आमच्या आज्यानं जन्मात नाडी मोजली नाही, नव्वदीपर्यंत पोथी वाचत होता.

आकडेमोड

स्पष्टवक्ता, घड्याळाचं तुमचं म्हणणं अर्धं मान्य. पण मजकुराच्या मागं खरा अभ्यास आहे, फक्त "होणारच" हा शब्द फॉरवर्ड करणाऱ्यानं पदरचा घातलाय.

अभ्यास स्वीडनचा, कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या संशोधकांचा, २०२१ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेला. स्टॉकहोममधल्या कुंग्सहोल्मेन भागातले ६० वर्षांवरचे २,१४७ लोक घेतले. सुरुवातीला कुणालाही स्मृतिभ्रंश नव्हता. त्यांची नाडी ईसीजीवर मोजली आणि पुढं सुमारे ११-१२ वर्षं पाठपुरावा केला. त्यातल्या २८९ जणांना स्मृतिभ्रंश झाला. ज्यांचे ठोके मिनिटाला ६० ते ६९ होते त्यांच्या तुलनेत ८० किंवा जास्त ठोकेवाल्यांना धोका ५५ टक्क्यांनी जास्त निघाला. हृदयविकार असलेली माणसं बाजूला काढली तरी फरक उरला.

आता या ५५ ला घाबरण्याआधी जरा कागद-पेन घ्या. २,१४७ पैकी २८९ म्हणजे शंभरात साधारण १३-१४. ढोबळ मानानं, कमी नाडीवाल्या शंभरात १३ जणांना झाला असेल, तर जास्त नाडीवाल्या शंभरात २० च्या आसपास. म्हणजे नाडी ८० च्या वर असूनही शंभरातल्या ऐंशी जणांना त्या काळात काही झालं नाही. "५५ टक्के वाढ" ऐकलं की लोकांना वाटतं निम्म्याहून जास्त लोकांना होणार. तसं नसतं. शिवाय त्या ५५ ची खरी रेंज ६ पासून १२७ टक्क्यांपर्यंत आहे, इतका आकडा सैल आहे. दिशा कळते, नेमका धोका कळत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मेंदूतले बदल विसरणं दिसायच्या कितीतरी वर्षं आधी सुरू झालेले असतात. आणि हृदयाची गती ठरवणाऱ्या नसांचं नियंत्रण मेंदूकडंच असतं. त्यामुळं नाडी वाढली म्हणून मेंदू बिघडला, की मेंदू आतून बिघडायला लागला म्हणून नाडी वाढली, की तिसऱ्याच कशानं दोन्ही झालं, हे असल्या अभ्यासातून सांगता येत नाही. संशोधकांनी स्वतःच लिहिलंय की न सापडलेल्या हृदयविकाराचा यात हात असू शकतो.

पूर्णाकाठ

शंभरातले ऐंशी हे वाचून जरा बरं वाटलं. पण आईचं विसरणं तर चालूच आहे ना. ती ऐंशीत का वीसात, हे कसं कळणार?

कापूसवाला

आमच्या आण्णाची नाडी तर ५६ हाय. वय ७५. आजून कुळव धरतेत. म्हंजे आण्णाला येड लागणार न्हाई आसं समजावं का? एक बारीक गोष्ट हाय फकस्त, हात धरला की नाडी मधीच एखादा ठोका गाळती, कवा दोन झटकन पडतेत. आमच्याकडचा वैद म्हणतो वाताची नाडी हाय, एरंडेल द्या.

सिस्टर_उमरगा

कापूसवाला दादा, ते ठोका गळण्याचं डॉक्टरसाहेब येतील तेव्हा नीट विचारा, सोडू नका. एरंडेलावर भागवू नका.

पूर्णाकाठ ताई, आधी नाडी नीट मोजू. घड्याळाचा आकडा मी एकट्यानं कधी धरत नाही, आणि त्यातून गावाकडच्या बायांच्या हातावरचा तर नाहीच. तुमच्या आईच्या मनगटावर गोंदण आहे का बघा. घड्याळाच्या खालून हिरवा उजेड कातडीत जातो, त्यावरून ते ठोके धरतं, आणि गोंदणाची शाई तो उजेड अडवते. दुसरं म्हणजे बांगड्या. पाटल्या-बांगड्यांमुळं घड्याळ वर सरकतं, पट्टा सैल राहतो, आकडा काहीही येतो.

हातानं मोजायचं असं: सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, मिसरीच्या आधी. लघवीला जाऊन येऊ द्या, मग पाच मिनिटं गप बसू द्या, पाठ टेकून, पाय जमिनीवर. बोलायचं नाही. अंगठ्याच्या बुडाशी मनगटाच्या आतल्या अंगाला आपली पहिली दोन बोटं ठेवायची. आपला अंगठा लावू नका, अंगठ्यात आपलीच नाडी लागते. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा धरून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं म्हाताऱ्या माणसात करू नका, कारण ठोका मधे गळत असेल तर तेवढ्यात सापडत नाही. आठवडाभर मोजून वहीत लिहा.

आणि आईला ताप, जुलाब, रात्रीची झोप झाली नाही असं असेल त्या दिवशीची नाडी धरू नका. एप्रिल-मे मधे आमच्या ओपीडीत निम्म्या म्हाताऱ्यांची नाडी नव्वदच्या पुढं असते. पाणी पीत नाहीत. लघवीला उठायला नको म्हणून मुद्दाम पीत नाहीत, ही खरी गोष्ट.

पूर्णाकाठ

सिस्टर, दोन्ही मनगटांवर गोंदण आहे! आणि डाव्या हातात बांगड्यांच्या मागं घड्याळ. उद्या शेजारच्या मुलीला मोजायला सांगते, नर्सिंग करायली ती.

डॉ_बालाघाट

धागा आत्ता पाहिला. मी अंबाजोगाईला शिकलो, पुढं सगळी प्रॅक्टिस मराठवाड्यातच केली. आता बसूनच असतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कापूसवाला. तुमच्या वडिलांची केस या धाग्यातली जास्त तातडीची आहे. नाडी अनियमित लागते, मधेच ठोका गळतो, मधेच दोन घाईनं येतात, वय ७५. हे साधे जास्तीचे ठोके असू शकतात, त्यानं फार बिघडत नाही. पण एट्रियल फिब्रिलेशन असू शकतं, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. तिथं रक्ताची गुठळी होते, ती मेंदूत गेली की लकवा. आणि लकवा मारला नाही तरी या आजारात पुढं स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जास्त आढळतं. एक ईसीजी काढला की बहुतेक वेळा कळतं. ५६ हा आकडा बघून खूश होऊ नका. मनगटाला सगळे ठोके पोचतच नसतील तर हातावर कमी मोजले जातात.

आता पूर्णाकाठ. तुमच्या डॉक्टरांचं साठ ते शंभर बरोबरच आहे. ती मर्यादा आज तातडीनं काही करावं लागेल का यासाठी असते. त्या मर्यादेच्या आतही सत्तरवाला आणि नव्वदवाला यांच्यात फरक असतो. कायम वर राहणारी नाडी बहुधा काहीतरी सांगत असते: अंगात रक्त कमी, थायरॉइड जास्त, हृदय अशक्त, चालणं-फिरणं बंद, मन अस्वस्थ, तंबाखू. विहिरीत पाणी कमी झालं की मोटर जास्त वेळ चालवावी लागते. मोटर बदलून विहिरीतलं पाणी वाढत नाही. म्हणून भावाला सांगा, नाडी कमी करायची गोळी मनानं सुरू करायची नाही. अशा गोळीनं स्मृतिभ्रंश टळतो हे सिद्ध झालेलं नाही. उलट म्हाताऱ्या बाईला त्यानं चक्कर आली, पडली, खुबा मोडला, की मग खरंच सगळं संपतं. आणि ज्यांना ती गोळी हृदयासाठी किंवा बीपीसाठी डॉक्टरांनी दिलेली आहे, त्यांनी हे वाचून अचानक बंदही करू नये, तेही धोक्याचं.

मला तुमच्या आईच्या गोळ्यांची यादी पाहिजे. बीपीची एकच म्हणालात, पण घरातल्या डब्यात काय काय आहे? सर्दी-खाजेची जुनी गोळी, लघवी वारंवार होते म्हणून दिलेली, झोपेची, पायाच्या आगीसाठी रात्री घ्यायची? यातल्या काही गोळ्या एका विशिष्ट गटातल्या आहेत. त्या तोंड कोरडं पाडतात, लघवी-संडास अडवतात, नाडी वाढवतात आणि म्हाताऱ्या माणसाची स्मरणशक्ती गोंधळवतात. चारही गोष्टी एकत्र. धोत्र्याची विषबाधा ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल; परिणाम त्याच जातीचा, फक्त सौम्य. म्हणजे तुमच्या प्रश्नातली वाढलेली नाडी आणि विसरणं, दोन्हीचं कारण एकाच पाकिटात असू शकतं. दम्याच्या काही गोळ्यांनी आणि थायरॉइडचा डोस जास्त झाला तरी नाडी चढते.

तपासण्या फार नाहीत. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी १२, शुगर, सोडियम, किडनी आणि ईसीजी. बी १२ आणि थायरॉइड मी मुद्दाम सांगतोय, कारण त्यांच्या कमतरतेनं होणारं विसरणं गोळ्या-इंजेक्शननं सुधारू शकतं. आपल्याकडं पूर्ण शाकाहारी, माळकरी घरं खूप, तिथं बी १२ कमी निघणं नेहमीचं.

स्मरणशक्तीची तपासणी करताना एक लक्षात ठेवा. शाळेत न गेलेल्या बाईला "शंभरातून सात वजा करा, पुन्हा सात वजा करा" असं विचारून नापास करण्यात अर्थ नाही. तिला बाजाराचं विचारा, पंचमीनंतर कोणता सण येतो ते विचारा, आणि घरच्यांना विचारा की वर्षभरापूर्वी जे काम जमत होतं ते आता अडतं का. बटईचा हिशोब चोख आहे ही चांगली खूण आहे. दूधवाल्याला परत पैसे देणं ही तितकी चांगली नाही. आणि एकटी राहणारी बाई, नवरा गेलेला: उदासीनतेतही माणूस असाच विसरतो. मुलांशी फोनवर मात्र "मी बरी हाय" म्हणतो.

लातूरची_सून

डॉक्टर, आमच्याकडं उलटंच. सासूबाईंना अल्झायमर आहे, दोन वर्षांपासून त्याची डोनेपेझिल ही गोळी चालू आहे. त्यांची नाडी ५० वर आली, एकदा न्हाणीत भोवळ येऊन पडल्या. आता हा धागा वाचून माझा नवरा म्हणाला, कमी नाडी तर चांगली ना!

डॉ_बालाघाट

नवऱ्याला सांगा, चांगली नाही. डोनेपेझिल ज्या रसायनाचं प्रमाण वाढवतं तेच रसायन हृदयाची गतीही कमी करतं. म्हणून ही गोळी सुरू करण्याआधी ईसीजी बघायचा असतो, आणि सोबत नाडी कमी करणारी बीपीची गोळी चालू असेल तर जास्तच जपायचं असतं. भोवळ आणि नाडी ५०, हे लगेच दाखवा. तुमच्या न्यूरोलॉजिस्टना आणि बीपीची गोळी देणाऱ्यांना एकमेकांची चिठ्ठी माहीत आहे का? बहुतेक वेळा नसते.

लातूरची_सून

नाही माहीत. दोन वेगळ्या फाइली, दोन वेगळ्या पिशव्या. सोमवारी दोन्ही घेऊन जाते.

स्पष्टवक्ता

बरं, डॉक्टरसाहेबांचं पटलं. पण मग नाडीचा हा अभ्यास करून फायदा काय झाला? करायचं तर तेच: चाला, तंबाखू सोडा, बीपी बघा. हे माझी आजी पण सांगायची.

आकडेमोड

फायदा इतकाच की नाडी फुकटात मोजता येते. ज्या गावात ईसीजी नाही तिथंही सेकंदकाटा आहे. पण तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या बदलता येण्याजोग्या १४ कारणांची यादी दिली: जगातले सुमारे ४५ टक्के रुग्ण या कारणांशी जोडलेले. बसल्या जागची नाडी त्या यादीत नाही. बीपी, शुगर, तंबाखू, कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, हालचाल नसणं आहे. आणि जे आपल्या डोक्यात येत नाही ते: कमी ऐकू येणं, दृष्टी जाणं, एकटेपणा, कमी शिक्षण, डोक्याला मार, नैराश्य, हवेचं प्रदूषण, दारू. कमी ऐकू येण्याचा वाटा तर पहिल्या क्रमांकाच्या कारणांमध्ये आहे, ७ टक्के.

भारताचंही सांगतो. साठीच्या पुढच्या लोकांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के निघालंय, म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त. आपल्या मराठवाड्यातल्या सत्तरीच्या बायका बघा, शाळा नाही, रक्त कमी, चुलीच्या धुरात आयुष्य गेलं. मुली शाळेत नव्हत्या याचं देणं पन्नास वर्षांनी असं वसूल होतं. यावर कुणी फॉरवर्ड काढत नाही.

सिस्टर_उमरगा

कानाचं अगदी खरं. आमच्याकडं "सासू विसरायली" म्हणून आणलेल्या म्हाताऱ्यांत किती जणी मुळात ऐकतच नसतात. न ऐकलेलं लक्षात कसं राहणार? एकीच्या कानातून एवढा मळ निघाला की ती तिथंच सुनेला म्हणाली, "आगं, एवढ्या मोठ्यानं कामून वरडायलीस?"

मिसरीचं पण बोलायला पाहिजे. मिसरी म्हणजे जाळलेला तंबाखूच, त्यातलं निकोटिन हिरडीतून थेट रक्तात जातं आणि नाडी वाढवतं. बायका म्हणतात आम्ही तंबाखू खात नाही, फक्त दात घासतो. दिवसातून चारदा दात घासतात! एकदम सोडा म्हणून भांडू नका, जमत नाही. आधी दुपारची बंद, मग संध्याकाळची.

पूर्णाकाठ

सगळ्यांचे आभार. खबर देते. शेजारच्या मुलीनं रोज सकाळी हातानं मोजली, ७८ ते ८२ आली. घड्याळापेक्षा कमी, पण फार कमी पण नाही. ठोके सरळ पडतात म्हणाली, मधे गळत नाहीत.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.९. बी १२ कमी. थायरॉइड ठीक. आणि डॉक्टर, तुमचं डब्याचं वाचून मी स्वतः गावी जाऊन डबा उघडला. आईच्या अंगाला खाज सुटते म्हणून मेडिकलवाल्यानं दिलेली गोळी ती रोज रात्री घेत होती, "झोप चांगली लागती" म्हणून. किती दिवस विचारलं तर म्हणाली, तुझे आप्पा गेल्यापासून. सोबत घोटभर गोड औषधाची बाटली, खोकल्याची. दोन्ही डॉक्टरांना दाखवल्या, गोळी बंद केली, बी १२ ची इंजेक्शनं आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. रक्त का कमी झालं ते शोधायला आणखी तपासण्या सांगितल्यात.

फरक पडेल का हे डॉक्टर आत्ताच सांगत नाहीत, तीन महिन्यांनी परत या म्हणाले. भाचीच्या लग्नाची तारीख काल परत विचारली.

डॉ_बालाघाट

बरोबर चाललंय. या वयात हिमोग्लोबिन ८.९ कशामुळं हे शोधल्याशिवाय सोडू नका, पोटातून बारीक रक्त जात असतं कधी कधी. तीन महिन्यांनी विसरणं तसंच राहिलं किंवा वाढलं तर मेंदूचा स्कॅन आणि न्यूरोलॉजिस्ट. त्यासाठी संभाजीनगरला घाटीत किंवा नांदेडला जाता येईल. कान तपासले का?

पूर्णाकाठ

नाही अजून. तिला डाव्या कानानं कमी येतं हे आत्ता लिहिताना जाणवतंय, फोन कायम उजव्याच कानाला धरते. यंत्र बसवायला किती खर्च येतो?

सिस्टर_उमरगा

आधी कानाच्या डॉक्टरांकडून मळ आणि पडदा बघून घ्या, मग ऐकण्याची तपासणी. यंत्र घ्यावंच लागलं तर मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे, ६५ च्या पुढच्यांना, वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर एकदा ३,००० रुपये खात्यात येतात. चांगलं यंत्र त्यात येत नाही, पण हातभार. आणि यंत्र घेऊन डब्यात ठेवायचं नाही ताई, रोज लावून सवय करावी लागते. पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाज डोक्यात बसतो म्हणून सगळ्याजणी काढून ठेवतात.

आकडेमोड

यंत्राबद्दल भर घालतो. अमेरिकेत ७० ते ८४ वयोगटात याची चाचणी झाली, २०२३ मध्ये निकाल आला. सगळ्यांचा मिळून तीन वर्षांत मेंदूच्या कामात फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीच धोका जास्त होता त्या गटात घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. म्हणजे तुमच्या आईसारख्यांना करून बघण्यासारखं आहे, हमी म्हणून नाही.

पूर्णाकाठ

ठीक आहे. कापूसवाला, तुमच्या आण्णांचा ईसीजी झाला का?

कापूसवाला

न्हाई ताई. यंदा येचणीला माणूस मिळंना, आण्णा सवता रानात हाय. म्हणतेत मला काय धाड भरली. नाडी आजून तशीच उड्या मारती.

डॉ_बालाघाट

कापूसवाला, कापूस चार दिवस झाडावर राहिला तर भाव थोडा पडेल. लकवा मारला तर वर्षभर एक माणूस खाटेपाशी बांधला जाईल. ईसीजी काढायला पाच मिनिटं लागतात, ग्रामीण रुग्णालयात निघतो. बोलता बोलता तोंड वाकडं झालं, एक हात पडला किंवा बोबडी वळली तर घरी थांबायचं नाही, वैदाकडं जायचं नाही, सरळ १०८ ला फोन.

कापूसवाला

मंगळवारी तालुक्याला बाजार हाय. कापसाचं इचारायला आण्णाला संग घ्यावंच लागतंय, तवा दवाखान्यात नेतो. त्यास्नी आधी सांगत न्हाई, न्हाई तर येणार न्हाईत.